खालच्या रस्त्यापर्यंत

पंचवीस वर्षांच्या सवयीने नजाहचा हात मिठाच्या बरणीकडे गेला आणि हाती जिरं आलं.

तिने फळीकडे नीट पाहिलं. सगळ्या बरण्या उंचीप्रमाणे उभ्या होत्या. पुढे बुटक्या, त्यांच्यामागे मध्यम, आणि शेवटी भिंतीला पाठ टेकून ऑलिव्हच्या लोणच्याची थोरली बरणी, पोट सुटलेल्या सुभेदारासारखी.

"अबू रकान," तिने हाक मारली, "माझ्या बरण्यांची परेड कुणी भरवली?"

"उंचीप्रमाणे लावल्यात. शोधायला बरं पडतं," बाहेरच्या खोलीतून उत्तर आलं. सोबत ब्रशाचा आवाज. खस्, खस्, खस्.

तो बुटांना पॉलिश करत होता. जायचं कुठेच नव्हतं.

खलफ तिचा नवरा. थोरल्या मुलाच्या, रकानच्या नावाने रास-अल-लौज गाव त्याला अबू रकान म्हणे आणि तिला उम्म रकान. सतराव्या वर्षी अजलूनच्या या डोंगरातून उतरून तो फौजेत भरती झाला होता. बंदूक चालवायला गेलेल्या पोराची छाती बघून कुणा अधिकाऱ्याने त्याला बँडात टाकलं आणि काखेत मशक दिली: कातडी पिशवी, तोंडाशी फुंकायची नळी, बोटांखाली सूर काढायची नळी, खांद्यावर एकच सूर धरून बसणाऱ्या तीन नळ्या. लोक बॅगपाइप म्हणतात, खलफ मशकच म्हणे. एकोणतीस वर्षं ती त्याने वाजवली. पाहुण्या राजांसमोर वाजवली, सोबत्यांच्या कबरींपाशी वाजवली, एकदा वाळूच्या वादळात डोळे मिटून पुरती पाऊण घटका वाजवली, कारण थांबायचा हुकूम आला नव्हता. मग एके दिवशी कागदावर सही झाली, सरकारी मशक कोठारात जमा झाली आणि हवालदार खलफ ट्रंक घेऊन घरी आला.

त्याला आता दीड वर्ष झालं होतं. रकान कुवेतला, मुलगी इरबिदला सासरी. घरात दोघंच. पहिले काही दिवस तो सकाळी स्वयंपाकघराच्या दारात ताठ उभा राही आणि डोळे मिचकावून विचारी, "उम्म रकान, आज काय हुकूम?" ती हसून म्हणे, "लसूण सोला." दोघांनाही मजा वाटे. पुढे कधीतरी त्याचं डोळे मिचकावणं थांबलं. विचारणं तेवढं राहिलं. ती काहीही सांगे, तो ते दहा मिनिटांत उरकी आणि पुन्हा दारात येऊन उभा राही. नजाहला ते दार आता अंगावर येई.

त्याची स्वतःची एक जुनी मशक होती, कपाटावर डब्यात. निवृत्त झालेले वादक लग्नांत वाजवून चार पैसे करतात. त्यालाही दोन-तीनदा बोलावणं आलं. "मी झेंड्याला वाजवलंय," तो म्हणाला. "आता लोक भातावरचं मटण चिवडताना वाजवू?" डबा खाली आलाच नाही.

तर त्या सकाळी जिरं जागेवर ठेवून नजाह मिठाचा शोध घेत होती आणि दारावर थाप पडली. तीनदा, मोजून.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. या गल्लीत दार कोण वाजवतं? लोक रस्त्यावरूनच हाका मारत येतात आणि हाक संपायच्या आत चुलीपाशी पोचलेले असतात.

नजाहने दार उघडलं. दोन घरं खाली राहणाऱ्या रुबाची मुलगी जुमाना उभी होती. वय वर्षं दहा. केस पाणी लावून चापूनचोपून विंचरलेले, अंगात शाळेचा निळा डगला आणि त्यावर बापाचं मोठ्ठं काळं जाकीट, गुडघ्यापर्यंत.

"अस्सलाम अलेकुम," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "अबू रकान घरात आहेत का?"

"आहेत की. आत ये ना गं. अंगात काय घातलंयस हे? थंडी वाजतेय?"

"नाही, खालती." गावातली पोरं मावशीला खालतीच म्हणत. "मी कामासाठी आले आहे."

ती आत आली, सतरंजीवरच्या गादीवर पाहुण्यांच्या जागी बसली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. खलफ एका हातात बूट, एका हातात ब्रश घेऊन बघतच राहिला.

"सेजच्या पानांचा चहा टाकलाय, घेशील?" नजाहने विचारलं.

"कॉफी. सादी."

"कडू कॉफी? अगं, तुझी आई मला बोलेल."

"सादीच हवी, खालती. चहाने होत नाही ते."

नजाहला आता अंदाज येऊ लागला. बिनकानाच्या चिमुकल्या पेल्यात दोन घोट कॉफी ओतून तिने जुमानाच्या हाती दिली. पोरीने पेला घेतला, क्षणभर धरला आणि अलगद समोर सतरंजीवर ठेवून दिला.

"अम्मो अबू रकान," ती काकांना म्हणतात तसं म्हणाली, "आम्ही एक मागणं घेऊन आलोय."

आम्ही म्हणजे ती आणि ते जाकीट.

मुलगी मागायला किंवा दोन घरांतला तंटा मिटवायला गावची थोर मंडळी जातात तेव्हा असंच करतात. पुढे आलेली कॉफी खाली ठेवतात, आणि घरधनी 'प्या, तुमचं मागणं मान्य' म्हणेपर्यंत तिला हात लावत नाहीत. मोठा भारदस्त प्रकार असतो. बायकांना त्याचं आतल्या आत हसू येतं, कारण सगळं आठ दिवस आधी त्यांनीच बोलून मिटवलेलं असतं. पुरुष नुसते कॉफी खाली ठेवायला जातात. जुमानाच्या आत्याचं लग्न मागच्याच महिन्यात ठरलं होतं. पोरीने दाराआडून सगळं पाहिलं असणार.

खलफचा चेहरा आधी गोंधळला, मग गालांवर काहीतरी हललं. किती महिन्यांनी तो पोटातून हसला. बूट खाली ठेवून, पाय दुमडून, पक्क्या घरधन्यासारखा बसला आणि अशा वेळी बापजाद्यांपासून जे म्हणत आले तेच म्हणाला, "पी, बाई, कॉफी पी. तुझं मागणं मान्य. घर तुझंच आहे."

जुमानाने पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. तिचं तोंड लिंबासारखं आवळलं, डोळ्यांत पाणी आलं, पण एक थेंब सांडला नाही.

"मला मशक शिकवा," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्ही हो म्हणालात. मी कॉफी प्यायले."

"अगं, पण मी... उम्म रकान, मी काय म्हणालो?"

"मान्य म्हणालात," नजाह म्हणाली. "मी साक्षीला आहे. ऐकून तरी घ्यायचं होतंत आधी."

"असं आधी कुणी ऐकतं का!"

त्याचं खरं होतं. आधी कुणीच ऐकत नाही, कारण सगळं ठरलेलं असतं. इथे काहीच ठरलेलं नव्हतं आणि कॉफीवर दिलेला शब्द या डोंगरात परत घेता येत नाही.

मग त्याने कारण विचारलं. पोरगी आता मोठ्या माणसाचा आवाज विसरली आणि भरभर सांगू लागली. तिचा बाप औदे अकाबाच्या बंदरापासून उत्तरेच्या सीमेपर्यंत माल वाहायचा. दर गुरुवारी पहाटे त्याचा ट्रक डोंगराखालच्या रस्त्याने जाई. एवढी लांबलचक गाडी वर गावात चढत नाही, आणि खाली थांबायला वेळ नसतो. घरी तो महिन्यातून चार दिवस. म्हणून वळणापाशी आला की भोंगा वाजवी, दोन आखूड आणि एक लांब. जुमाना गच्चीवर धावे आणि ओरडे.

"किती ओरडते मी! पण बाबा म्हणतात, ऐकू येत नाही. तुम्ही रजेवर यायचात तेव्हा गच्चीवर वाजवायचात ना, अम्मो? तेव्हा मी लहान होते. पण बाबा म्हणतात, एकदा ते रस्त्यात टायर बदलत होते आणि त्यांना ऐकू आलं होतं. इंजिन चालू असतानासुद्धा." तिने श्वास घेतला. "मला फक्त तेवढंच हवंय. खालच्या रस्त्यापर्यंत."

खलफ उठला, खुर्ची ओढली आणि कपाटावरचा डबा खाली काढला. त्यावरची धूळ त्याने फुंकली नाही, फडक्याने पुसली. नजाह स्वयंपाकघरात गेली आणि मीठ शोधत असल्यासारखं करून बराच वेळ तिथेच उभी राहिली.

शिकवणी दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली. दुपारच्या नमाजानंतर, शाळा सुटली की. पहिले तीन आठवडे तर त्याने तिला मशकीला हातच लावू दिला नाही. फौजेत असंच असतं. आधी दारात हजेरी.

"जुमाना औदे!"

"हजर!"

"हजर काय? कोंबडी बोलतेय का? पोटातून!"

"हजर!"

मग मागच्या अंगणात डाळिंबाच्या झाडाला वळसे घालत चालायचं, तालावर, तोंडाने धून गात. मग चहाच्या टेबलावर बोटं ठेवून नुसती बोटांनी वाजवायची. मग सनईसारखी एक सरावाची नळी, तिचा आवाज एवढासा. जुमानाची बोटं भोकांवर पुरेनात. संध्याकाळी ती नजाहपाशी येऊन कुजबुजे, "खालती, ते रोज एवढे रागावतात?"

"हे रागावणं नाही गं. यांचा राग पाहिला नाहीस तू. रागावले की गप्प बसतात."

नजाहने पाहिलं, सकाळी आता दारात कुणी उभं राहत नव्हतं. तो वहीत काहीतरी लिहीत बसलेला असे. एकदा तिने डोकावून पाहिलं. 'मंगळवार. चौथं बोट आळशी. श्वास बरा. रागावलो जास्त, उद्या कमी.' तिने बरण्या हळूहळू आपल्या जागी आणल्या. त्याच्या लक्षातही आलं नाही.

खरी अडचण मशकीचीच होती. थोरली पिशवी पोरीच्या काखेत मावेना. कोपराने दाबायला गेली की पिशवीच तिला ढकलून देई. तेव्हा नजाहने आपल्या आईचा बकरीच्या कातड्याचा जुना बुधला काढला. लोणी घुसळण्याचा, तिच्या आईने वर्षानुवर्षं झुलवलेला. त्यातून तिने लहान पिशवी बेतली आणि दुहेरी टाक्यांनी शिवली. हवा गळू नये म्हणून आतून द्राक्षांचा घट्ट काकवीसारखा पाक फिरवला. दोन दिवस सगळ्या घराला त्या पाकाचा वास होता. खलफने पिशवी फुगवली, कानाशी धरली, अंगठ्याने शिवण चाचपली.

"फौजेच्या कोठारात तुझ्यासारखी एक बाई असती ना," तो म्हणाला, "तर माझी निम्मी फुप्फुसं वाचली असती."

एवढ्या वर्षांच्या संसारात त्याने तिच्या शिवणकामाबद्दल काढलेला हा पहिला शब्द.

आता जो आवाज निघू लागला तो कसा सांगावा! पलीकडच्या भिंतीला लागून हाज मिस्बाह आणि त्यांची बायको हाज्जा वस्फिया राहत. हाज मिस्बाह ऐंशीचे. दुपारी उन्हात भिंतीच्या बुडाशी खुर्ची टाकून बसत. पहिल्या दिवशी त्यांनी भिंतीवरून डोकं वर काढलं.

"अबू रकान! बकरी कापताय तर सुरीला तरी धार लावून घ्या. किती छळाल बिचारीला!"

"नवा जवान आहे, हाज. सांभाळून घ्या."

"मी सांभाळतोय रे. माझ्या कोंबड्या सांभाळत नाहीत."

पुढे रोजचंच झालं. शिकवणी संपली की भिंतीपलीकडून विचारणा येई, "मेली का बकरी?" आणि जुमाना त्यांना आजोबा म्हणून हाक मारत ओरडून सांगे, "अजून नाही, जिद्दो!" थंडीच्या दिवसांत पाऊस असला की शिकवणी आत शेगडीपाशी होई. मग हाज वस्फियाला पाठवत. ती ओढणीखाली गरम भाकऱ्यांची चवड घेऊन येई आणि म्हणे, "विचारून ये म्हणतो, आज बकरीला बरं नाही का?"

सगळ्यांत अवघड होता श्वास. फुंकत फुंकत पिशवी भरायची आणि छाती रिकामी झाली की पुन्हा श्वास घ्यायच्या क्षणाला कोपराने पिशवी दाबायची, म्हणजे सूर तुटत नाही. जुमानाचा दर वेळी तुटायचा. श्वास घेतला की कोपर विसरायची, कोपर दाबलं की श्वास. खलफने किती परींनी सांगितलं. शेवटी एक दिवस तो तिच्या शेजारी उभा राहिला, आपलं मोठं कोपर तिच्या कोपरावर ठेवलं आणि म्हणाला, "तू फक्त फुंक. दाबायचं माझ्याकडे." दोघं अंगणात डाळिंबाभोवती चालले, चार पायांनी एक पाऊल टाकत. तिसऱ्या वळशाला नजाहने खिडकीतून पाहिलं, त्याचं कोपर हवेत होतं. पोरगी एकटीच वाजवत होती आणि तिला ते कळलंही नव्हतं.

बऱ्याच वेळाने भिंतीपलीकडून हाज मिस्बाहांचा आवाज आला, "आज काही कापलं नाही वाटतं."

बदामाला फूल आलं तेव्हा जुमानाला एक धून पुरती येत होती. खलफने छोटी मशक तिला घरी न्यायला दिली, जवानाला बंदूक देतात तशी, दोन्ही हातांनी. "गुरुवारी भोंगा ऐकलास की विचार करत बसायचं नाही," त्याने बजावलं. "इशारा मिळाला की सुरुवात. खाली गाडी थांबत नसते."

हे त्याने सांगितलं रविवारी. सोमवारी पहाटे हाज मिस्बाह झोपेतच गेले.

गावात मौतीचं घर असलं की आसपासच्या गल्ल्या आपोआप मुक्या होतात. रेडिओ बंद, टीव्हीचा आवाज बंद, ठरलेली लग्नंसुद्धा चाळीस दिवस पुढे जातात. कुणाला फारच निकड असली तर तो मौतीच्या घरी जाऊन रजा मागतो. खलफ तीनही दिवस पुरुषांच्या मांडवात कॉफी वाटत होता, खुर्च्या लावत होता, कबर खणायला पहिला होता. नजाह वस्फियापाशी बसून होती. जुमानाची कुणाला आठवण झाली नाही. या गुरुवारी वाजवू नकोस, असं तिला बजावायला हवं होतं, ते राहून गेलं.

गुरुवारी पहाटे खालून भोंगा आला. दोन आखूड, एक लांब.

नजाह वस्फियाच्या घरी ओट्यापाशी होती. पाच-सहा बायका गाद्यांवर बसलेल्या. आणि गच्चीवरून मशक वाजली. तीनच सूर, भेदरलेले, उंच. मग एक किंचाळी, मग काहीच नाही. बहुधा रुबाने वर धावत जाऊन पिशवी हिसकावली असेल. खोलीतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कुणीतरी म्हणालं, "लाज नाही लोकांना." वस्फियाने तोंडावर ओढणी घेतली आणि ती हुंदके देऊ लागली.

त्याच दुपारी रुबा पोरीला घेऊन आली. दारातच उभी राहिली, आत येईना.

"अबू रकान, तुमची वस्तू परत करायला आले. माझी मान खाली गेली. हाज्जासमोर जायला तोंड राहिलं नाही."

"चूक तिची नाही," खलफ म्हणाला. "इशारा मिळाला की वाजव, असं मीच सांगितलं होतं."

"तुम्ही शिकवलंत, उपकार झाले. आता पुरे." मग तिचा आवाज जरा उतरला. "तसंही आता गरज नाही. त्यांना सौदीच्या रस्त्यावर टाकलंय. येत्या गुरुवारी इकडून शेवटची खेप. मग चार-चार महिने दिसणार नाहीत."

जुमाना आईच्या मागे उभी होती. रडली नव्हती. तिने मशक दोन्ही हातांनी पुढे केली, दिली होती तशीच, आणि म्हणाली, "मी हजर होते, अम्मो. बाबांना ऐकू आलं नाही. तीन सूर वळणापर्यंत जात नाहीत."

खलफने मशक घेतली. तो गप्प बसला होता, म्हणजे रागावला होता, आणि कुणावर ते नजाहला ठाऊक होतं.

शुक्रवारी बरण्या पुन्हा उंचीप्रमाणे लागल्या. शनिवारी बुटांना पॉलिश झालं. रविवारी सकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. डोळे विझलेले.

"उम्म रकान, आज काय हुकूम?"

नजाहच्या हातात पीठ होतं. तिने ते झटकलं, हात धुतले, ओढणीला पुसले आणि त्याच्याकडे तोंड केलं.

"हुकूम असा आहे," ती म्हणाली. "दाढी करा. धुतलेला अंगरखा घाला, डोक्याला लाल रुमाल बांधा. आपल्याला वस्फियाकडे जायचंय."

"कशाला?"

"लोक लग्नाची रजा मागायला जातात, तशी रजा मागायला."

"लग्नाची गोष्ट वेगळी. एका पोरीच्या वाजवण्यासाठी मौतीच्या घरात..." तो अडखळला. "त्या दिवशी ती रडली, तू सांगितलंस. कुठल्या तोंडाने जाऊ? काय बोलू तिथे?"

"एकोणतीस वर्षं राजांसमोर उभे राहिलात. एका म्हाताऱ्या बाईची भीती वाटते?"

"वाटते," तो म्हणाला.

"मग जुमानाने केलं तेच करा. तिलाही भीती वाटली असेलच की. म्हणून तर बापाचं जाकीट घालून आली होती."

तो वळला आणि न्हाणीघरात पाणी पडल्याचा आवाज आला.

वस्फिया भिंतीला टेकून बसली होती. पांढरी ओढणी, हातात तसबीची जपमाळ. तिचा मुलगा फवाज रजा काढून आलेला होता. त्याने दल्ला, कॉफीची चोचदार किटली, उचलून पेल्यात कॉफी ओतली आणि खलफच्या हाती दिली. मौतीच्या घरी कॉफी मुकाट्याने पितात, मेलेल्यासाठी दुआ मागतात आणि उठतात. खलफने पेला घेतला आणि अलगद समोर सतरंजीवर ठेवला.

फवाजचा हात दल्ल्यावर तसाच राहिला. तसबीचे मणी थांबले. वस्फिया पेल्याकडे बघत होती.

"अबू रकान," म्हातारी शेवटी म्हणाली, "आमच्या घरात आता लग्नाची मुलगी उरली नाही रे."

फवाजला हसू आलं आणि ते दाबायला तो खोकला.

"चूक कबूल करायला आलोय, हाज्जा," खलफ म्हणाला. "गुरुवारी वाजलं ते माझ्यामुळे. पोर लहान आहे. मी अडवायला हवं होतं."

वस्फियाने तसबी मांडीवर ठेवली. "तुला सांगू? ते वाजलं आणि मी भिंतीकडे बघितलं. म्हटलं, आता म्हातारा ओरडणार, मेली का बकरी म्हणून. मी वाट बघितली." तिने ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं. "कुणी ओरडलं नाही. तेव्हा मला कळलं की गेला. त्याला पुरलं तेव्हाही कळलं नव्हतं. म्हणून रडले मी. या बायांना वाटलं, रागावले."

पेल्यातून वर जाणारी वाफ बारीक होत होती.

"कॉफी निवतेय," वस्फिया म्हणाली. "पी, भावा. जे काय असेल ते दिलं."

"नाही, हाज्जा. आधी ऐका. न ऐकता हो म्हटलं की काय होतं ते मला माहीत आहे."

आणि नजाहच्या लक्षात आलं की तो बसलाय तो हुबेहूब त्या सकाळच्या पोरीसारखा, पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"येत्या गुरुवारी पहाटे जुमानाच्या बापाचा ट्रक खालून जाईल," तो म्हणाला. "या रस्त्याने शेवटचा. भोंगा वाजल्यापासून गाडी वळण घेईपर्यंत, तेवढ्या वेळापुरतं, पोरीला एक धून वाजवू द्या."

वस्फियाने सतरंजीवरचा पेला उचलून त्याच्या हाती दिला आणि म्हणाली, "आता ऐकलं, पी."